घरातल्या शाळेची तपासणी

६ जानेवारी

आज न्याहारीला चिरंजीवांनी पावाला लोणी लावता लावता सांगितलं की बिट्टी उद्यापासून शाळेत जाणार नाही. घरीच शिकेल, सूनबाई शिकवतील. पडदे धुवायला टाकलेत, अशा सुरात सांगितलं.

मी सगळी हयात शाळेत काढली. निवृत्त झाले ती हेडमिस्ट्रेस म्हणून. आणि माझ्या सख्ख्या नातीने नवव्या वर्षी शाळा सोडायची. मी म्हटलं, "मग मला एक दाखला द्या लिहून, की मी जन्मभर झक मारली."

"आई, तसं नाही गं."

"मग कसं?"

चिरंजीवांचं चष्म्याचं दुकान आहे. कोंडीत सापडले की ते स्वतःचाच चष्मा पुसायला घेतात. पुसला.

कारण सूनबाईंनी सांगितलं. बिट्टी शाळेत बोलत नाही. गेल्या वर्षभरात वर्गात नाही, मधल्या सुट्टीत नाही, एक शब्द नाही. मी म्हटलं, यात तक्रार कसली? माझ्या शाळेत अशा मुलीला शिस्तीचं बक्षीस मिळालं असतं.

बिट्टी समोर बसून पावाच्या कडा तोडत होती. ती घरीही फारशी बोलत नाही. गुणी मुलगी आहे.

९ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर शाळा भरली. फ्रीजवर जगाचा नकाशा चिकटवला आहे. दार उघडलं की अर्धं जग भिंतीला घासतं. सकाळी प्रार्थना, मग शास्त्रपाठ, म्हणजे बायबल, मग तर्क, मग भाषा, दुपारी गणित. वेळापत्रकात सगळ्यात खाली लिहिलंय, शील.

"हा विषय कुठल्या पुस्तकातून घेणार?" मी विचारलं.

"पुस्तक नाही, आई. दिवसभरात जे घडेल त्यातून."

म्हणजे पुस्तकाचा खर्च वाचला.

सूनबाई आधी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. ती नोकरी यासाठी सोडली. तिथली एक सवय मात्र सोबत आणली आहे. काहीही सांगा, त्या विचारतात, "कशावरून?" उद्धटपणा नाही, अगदी गोड आवाजात. परवा मी म्हटलं, दूध नासलंय. कशावरून? मी पातेलंच नाकाखाली धरलं.

मी नन्सच्या हाताखाली शिकले. प्रश्न पुस्तकात, उत्तर पुस्तकात, आणि दोन्हींच्या मधे सिस्टरच्या हातातली पट्टी. कशावरून असं विचारायची आमची छाती नव्हती. आणि माझी श्रद्धा अजून कांजी घातल्यासारखी ताठ आहे. हे मी सूनबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "खरंच आहे, आई. बिट्टीचीही तशीच पक्की हवी. फक्त कुणी विचारलं तर तिला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवी."

ही स्तुती होती की काय, ते अजून ठरलेलं नाही. सूनबाईंचं माहेर ज्या चर्चला जातं तिथे एकही मूर्ती नाही आणि सगळे टाळ्या वाजवून गातात. लग्नापासून मी त्याकडे दुर्लक्ष करत आले आहे.

१७ जानेवारी

घरात नवा नियम. ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने ती स्वतः सांगायची. दुसऱ्याने त्याच्या वतीने सांगायची नाही, विचारायचीही नाही. संध्याकाळी जेवणाआधीच्या प्रार्थनेत थोडं थांबतात, तेव्हा ज्याला सांगायचं असेल तो सांगतो.

मी विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तर थांबायचं," सूनबाई म्हणाल्या.

"कुठवर?"

"सांगेपर्यंत."

आज फडताळात मागे पाण्याचा काचेचा जग सापडला, कान तुटलेला. सूनबाईंनी तो टेबलावर ठेवला. दिवसभर सगळे त्या जगाशेजारून ये-जा करत होते आणि कोणी एक अक्षर काढलं नाही. संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "जग मी फोडला, आणि फडताळात मागे लपवला." बायकोने मान हलवली, लेकीने मान हलवली, सूप वाढलं गेलं. संपलं.

माझ्या शाळेत मी सगळा वर्ग उभा केला असता आणि पाच मिनिटांत गुन्हेगार हजर. कधी कधी भलतीच मुलगी सापडायची हे खरं. पण सापडायची.

२ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाल्या, "आई, अपूर्णांक मला नीट शिकवता येत नाहीत. दुपारचं गणित तुम्ही घ्याल?" मुलीचं नुकसान नको म्हणून मी हो म्हटलं. या प्रकाराला माझी मान्यता आहे असा अर्थ कोणी काढू नये.

बिट्टी वहीत बघत बसली होती. मग म्हणाली, "आजी, छेदात शून्य का नाही चालत?"

"नाही चालत."

"कशावरून?"

मी तिच्या आईला हाक मारून सांगितलं की तुमचा रोग मुलीला लागला. मग जुनं पुस्तक काढून पाहिलं. त्यातही 'चालत नाही' एवढंच छापलेलं. इतकी वर्षं मी हेच पुस्तक शिकवलं आणि कोणी विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

वाटाणे घेऊन बसलो. चार वाट्यांत वाटले, दोन वाट्यांत वाटले, एकीत ओतले. मग मी तीही वाटी उचलून घेतली आणि म्हटलं, "आता वाट."

बिट्टी मूठभर वाटाणे घेऊन बघत राहिली. "कशात वाटू? वाटीच नाही."

"हेच ते शून्य."

ती हसली. मग आम्ही ते वाटाणे खाऊन टाकले. शिस्तीच्या दृष्टीने बरं नव्हे.

२० फेब्रुवारी

शास्त्रपाठात आज ती दोन भावांची गोष्ट. धाकटा घर सोडून जातो, सगळं उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो, थोरला रुसतो. मला मधे पडायचं नव्हतं. पण बिट्टी म्हणाली, थोरल्यावर अन्याय झाला. मग मला सांगावंच लागलं की तो मत्सरी होता. आम्हाला सिस्टरने तसंच सांगितलं होतं.

"पण आजी, त्याला मेजवानीचं कोणी सांगायलाच गेलं नाही. तो शेतातून दमून आला तेव्हा त्याला गाणी ऐकू आली. आपल्याच घरात काय चाललंय ते त्याला नोकराला विचारावं लागलं."

"पण बाप बाहेर आला ना त्याची समजूत घालायला?" सूनबाई म्हणाल्या.

"आला. पण उशिरा आला."

"उशिरा आला म्हणजे प्रेम नव्हतं का?"

"नव्हतं असं नाही म्हटलं मी! उशिरा आला, एवढंच म्हटलं. दोन्ही खरं असू शकतं!"

असं बराच वेळ चाललं. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी सूनबाईंना म्हटलं, "तुम्ही मुलीला वकील करून सोडणार. शाळेत होती तेव्हा अशी नव्हती." सूनबाई हसल्या. का, ते कळलं नाही. मी गंभीरपणे बोलत होते.

दुपारी बटाटे सोलताना तो थोरला भाऊ पुन्हा डोक्यात आला. इतकी वर्षं शेतात राबला. त्याचेही गुडघे गेले असणार.

११ मार्च

शिक्षण कचेरीतून पत्र. घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा घरी येऊन घेतली जाईल. समाधान झालं तर वर्षाची परवानगी. नाही झालं तर नव्या सत्रापासून मुलीने शाळेत हजर व्हायचं.

चिरंजीवांनी पत्र मोठ्याने वाचलं ते चुकलंच. बिट्टीने सूपला हात लावला नाही आणि झोपायला जाईपर्यंत बोलली नाही. सूनबाई टेबलाचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

जानेवारीत मला हेच हवं होतं. पण आता प्रश्न घराच्या अब्रूचा आहे.

मी विचारलं, "तयारी कधी सुरू करायची?"

"तयारी नाही करायची, आई. तिला येतं ते येतं, नाही येत ते नाही येत. त्यांना तेच बघायचंय ना?"

भोळेपणालाही काही सीमा. माझ्या शाळेतली एकही मुलगी तपासणीसमोर तयारीशिवाय उभी राहिली नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दुसरं काही शिकवतच नसू.

१४ मार्च

परीक्षा घ्यायला कोण येणार ते कळलं. टाचणी! ही माझ्या हाताखाली शिक्षिका होती. अंगाने तशी आणि स्वभावानेही, म्हणून टीचर्स रूममधे तिला टाचणी म्हणायचो. आता कचेरीत तपासणीस झाली आहे. मी सहज खुशाली विचारायला फोन केला.

"बाई! किती दिवसांनी!" ती उभी राहूनच बोलत असावी. माझ्याशी ती नेहमी उभी राहून बोलायची.

मी प्रकृतीचं विचारलं, आईचं विचारलं. मग म्हटलं, "अगं, हल्ली उतारे कसले देता मुलांना? अजून ते जुनेच?"

"नाही बाई, या वर्षी दीपगृहाच्या राखणदाराचा आहे. आणि अपूर्णांकांची ती टाकीची उदाहरणं." मग जरा थांबून म्हणाली, "बाई, हे तुमच्यापुरतंच हं."

"माझ्यापुरतंच गं. मला काय करायचंय?"

१७ मार्च

तीन दुपारी दीपगृहावर घालवल्या. उजळणी म्हटलं, परीक्षा म्हटलं नाही. उतारा जुन्या वाचनमालेत सापडला. राखणदार रात्रभर का जागतो, समुद्राला शब्द कुठले वापरलेत, तात्पर्य काय. टाकी अर्धी भरली, पाऊण भरली, गळली. बिट्टीने सगळं चोख केलं. उद्या टाचणी येईल आणि तोंडात बोट घालून परत जाईल.

१८ मार्च

झालं ते क्रमाने लिहिते.

टाचणी आली. बारीकच आहे अजून, केस पिकलेत. मला बघून उठून उभी राहिली, मग आपण तपासणीस आहोत हे आठवून बसली. सूनबाईंनी चहा ठेवला. चिरंजीव दुकान बंद ठेवून घरी थांबले होते. बिट्टीच्या हातात कागद दिला गेला.

तिने पहिली ओळ वाचली. उलटवून मागची टाकी पाहिली. मग कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हा माझा झालाय," ती म्हणाली. "काल, परवा आणि तेरवा. प्रश्नांसकट. यातून तुम्हाला कळणार नाही मला काय येतं ते. दुसरं काही विचाराल का?"

टाचणीचा कप बशीत वाजला. "तुला... तुला हा कोणी दिला?"

"ते ज्याचं त्याने सांगायचं असतं."

"अगं पण मी तपासणीस आहे. मला सांगायला हवं."

"माझं असतं तर सांगितलं असतं."

चिरंजीवांनी चष्मा काढला. सूनबाई किटलीकडे बघत होत्या. कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही, अगदी ठरवल्यासारखं. मी साखर आणायला स्वयंपाकघरात गेले. साखर टेबलावरच होती.

मागोमाग टाचणी आली. कुजबुजत म्हणाली, "बाई, काय हो हे! माझी नोकरी जाईल."

"तू जा आणि दुसरं काहीतरी विचार तिला."

"काय विचारू? कागद एकच आणलाय!"

"अगं, शिक्षिका होतीस ना एके काळी? विचार मनाने."

ती गेली. मी दारातून ऐकत होते.

"तू इथे एकटीच शिकतेस. कंटाळा नाही येत?"

"येतो," बिट्टी म्हणाली. "शनिवारी समोरच्या मुली येतात खेळायला, तेव्हा नाही येत."

"मग शाळेत का जात नाहीस? तिथे रोज मुली असतात."

बिट्टीने विचार केला. ती विचार करते तेव्हा तोंड थोडं उघडं राहतं. मी तिला ते बंद ठेवायला शिकवलं आहे. "तिथे चुकलं की सगळे हसायचे. बाईसुद्धा. म्हणून मी चुकायचं बंद केलं. बोललंच नाही की चुकत नाही."

"आणि इथे?"

"इथे रोज चुकते."

परीक्षकाला असं सांगतात का! मी तयारी करून घेतली असती तर हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं. टाचणी खाली मान घालून बराच वेळ लिहीत होती. मग तिने आणखी पुष्कळ विचारलं. पावाचे तुकडे करून अपूर्णांक, प्रार्थना का करतेस, खोटं बोलणं वाईट कशावरून. शेवटच्या प्रश्नावर बिट्टीने तिला दोन कारणं दिली आणि तिसऱ्यावर वाद घातला.

जाताना टाचणीने एक प्रतिज्ञापत्र ठेवलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सही करायची की मुलीला परीक्षेचे प्रश्न आधी ठाऊक नव्हते. सह्या आल्या की निकाल.

२० मार्च

कागद मिठाच्या बाटलीखाली आहे. सूनबाईंनी सही केली नाही, चिरंजीवांनी नाही. करा असंही कोणी म्हणत नाही, करू नका असंही नाही. बिट्टी दुपारी गणिताला येते, पाढे म्हणते, जाते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत ते थांबतात. पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबतात असं वाटलं. मग चिरंजीव खाकरून आमेन म्हणतात.

मला विचारलं असतं तर मी काहीतरी ठेवणीतलं उत्तर दिलं असतं. न विचारणं ही कसली पद्धत?

२१ मार्च

टाचणीचा फोन. "बाई, सही करून टाका ना. नवे प्रश्न मी विचारलेच की. कुणाचं काय बिघडलं?"

मुद्दा बिनतोड आहे. माझ्या शिक्षिकांना मी हेच सांगितलं असतं. पेन घेऊन बसलेही. पण बिट्टी समोर नकाशाला गोंद लावत होती आणि पेन चालत नव्हतं. नंतर पाहिलं तर व्यवस्थित चालत होतं.

२३ मार्च

आज ते थांबले तेव्हा मी बोलले. फोन मी केला, उतारा मी काढून घेतला, बिट्टीला उजळणी म्हणून फसवून मी घोकायला लावलं. दोन वाक्यांत आटोपलं.

"बरं, आई," सूनबाई म्हणाल्या आणि सूप वाढलं.

बस्स. नन्सनी निदान प्रायश्चित्त तरी दिलं असतं.

मी बिट्टीला विचारलं, "त्या दिवशी तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"माझं नव्हतं ते," ती म्हणाली. मग सूपमधे पाव बुडवत म्हणाली, "पण मला पोटात दुखत होतं. आता नाही दुखत."

जेवल्यावर मी प्रतिज्ञापत्र कोरं ठेवून वेगळ्या कागदावर कचेरीला कळवलं. टाचणीबद्दल असं लिहिलं की ती माझ्या हाताखाली काम केलेली आहे, मी हेडमिस्ट्रेसच्या आवाजात विचारलं, आणि त्या आवाजाला नाही म्हणायची तिला कधी सवय लागू दिली नव्हती. हे शब्दशः खरं आहे.

चिरंजीव म्हणाले, "आई, यावरून ते परवानगी नाकारतील, हे कळतंय ना तुला?"

"नाकारू देत," सूनबाई म्हणाल्या. पण त्यांच्या हातून डाव सुटून खाली पडला.

पत्र मीच टाकून आले. पेटीत टाकल्यावर हात आत घालून बघितला. पोचत नाही.

४ एप्रिल

निकाल आला. वर्षाची परवानगी मिळाली. शेरा : 'मुलगी स्वतंत्रपणे विचार करते आणि तो न घाबरता मांडते.' खाली अट : 'मुलीच्या आजींनी या वर्षात अध्यापनात कोणताही भाग घेऊ नये.'

माझ्यासारखीने अध्यापनात भाग घेऊ नये! ज्या कारकून बाईने हे टंकलं ती कदाचित माझ्याच शाळेत पाढे शिकली असेल. मी ते दोनदा वाचलं आणि मग नको तितक्या मोठ्याने बोलले.

टाचणीला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. फोनवर रडली. मी म्हटलं, "रडू नकोस, सरळ उभी राहा." ती म्हणाली, "बाई, मी बसलेय." बरंच झालं.

दुपारी गणिताच्या वेळी मी वाटाणे घेऊन आले तर सूनबाई दारात. "आई, तुम्ही शिकवायचं नाही असं लिहिलंय."

"मला वाचता येतं. पण कोण बघायला बसलंय इथे?"

चिरंजीव आतून हसले. सूनबाई हसल्या नाहीत. मलाही नंतर वाटलं की हे वाक्य या आठवड्यात तरी बोलायला नको होतं.

वाटाणे परत डब्यात ओतले.

७ एप्रिल

तीन दुपारी मी खोलीत दार लावून बसले. वाचायला पुस्तक होतं. पान तेच होतं.

आज सूनबाई आल्या. "आई, अटीत शिकवायची बंदी आहे. शिकायची नाही. मला अपूर्णांक येत नाहीत, तर्क तुम्हाला नवा आहे. तुम्ही विद्यार्थिनी म्हणून बसा. फक्त उत्तर सांगायचं नाही, आणि बोलायचं असेल तर हात वर करायचा."

माझं वय काय, या म्हणतात काय! मी चांगलंच सुनावलं. मग कोणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणून गेले.

बिट्टीने सरकून जागा दिली. नवी पेन्सिल टोक करून पुढे ठेवली. गणित साधं होतं : दोन अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगवेगळे. बिट्टीने खुशाल वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले आणि हे बरोबर कसं ते आईला पटवून देऊ लागली. तडाखेबंद आवाजात, हातवारे करत, एकामागून एक कारणं देत. पहिल्या वाक्यापासून चूक. सूनबाई ऐकत होत्या आणि मधेमधे मान हलवत होत्या.

मी तोंड उघडलं. मिटलं. हात वर केला.

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तिचं होऊ दे आधी," म्हणाल्या.

बिट्टीचं लवकर होण्यातलं नव्हतं. हात दुखू लागला तेव्हा मी तो दुसऱ्या हाताने कोपरापाशी धरला, आणि तसाच वर ठेवला.